म्हाताऱ्यांची गणपूर्ती

आमच्या जिल्ह्याच्या ज्येष्ठ नागरिक समितीची ती सभा तिसऱ्या मजल्यावर होती, आणि त्या दिवशी लिफ्ट बंद होती. आम्ही अशासकीय सदस्य पाच. त्यांपैकी तिघे कठड्याला धरून, प्रत्येक वळणावर दम खात, कसेबसे वर पोहोचलो. उरलेले दोघे, म्हणजे ८१ वर्षांचे एक गृहस्थ आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून नुकत्याच उठलेल्या एक बाई, खाली पोर्चमधल्या बाकावर बसून राहिले. वर गेल्यावर मी अधिकाऱ्यांना म्हटले, "साहेब, आपले दोन सदस्य खाली बसले आहेत. सभा खालीच घेता येणार नाही का?" साहेब स्वभावाने चांगले होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाले, "काका, साडेअकराला मला दुसरी मीटिंग आहे. तुम्ही आहात ना? त्यांचं काय असेल ते तुम्हीच सांगा." सभा पंचवीस मिनिटे चालली. चहा झाला, बिस्किटे झाली. पंधरा दिवसांनी इतिवृत्त हाती आले. त्यात खाली बसलेल्या त्या दोघांच्या नावांपुढे 'अनुपस्थित' असा शेरा होता. आणि त्याखालीच वाक्य होते, 'गणपूर्ती झाल्याने सभेचे कामकाज सुरू करण्यात आले.'

ते वाक्य मी वाचताक्षणीच ओळखले, कारण असली वाक्ये मी स्वतः एकतीस वर्षे लिहिली आहेत. एका निमसरकारी कचेरीत मी कारकून म्हणून चिकटलो आणि अधीक्षक म्हणून बाहेर पडलो. ह्या काळात किती समित्यांची इतिवृत्ते माझ्या हातून गेली ह्याची गणती नाही. 'चर्चा झाली' म्हणजे कोणीतरी तक्रार केली. 'नोंद घेण्यात आली' म्हणजे ती तक्रार तिथेच राहिली. 'योग्य ती कार्यवाही करण्यात यावी' म्हणजे ती कोणी करायची हे मुद्दाम लिहिलेले नाही. ही भाषा मला कोणी शिकवली नाही. कचेरीच्या हवेत ती असते, आणि दोनचार पावसाळे गेले की ती आपोआप अंगात मुरते. तेव्हा मी टेबलाच्या पलीकडे होतो, आज अलीकडे आहे, एवढाच काय तो फरक. पुढे जे लिहितो आहे ते एका निर्दोष माणसाचे गाऱ्हाणे आहे असे वाचकांनी कृपा करून समजू नये.

मला सांगायचे आहे ते थोडक्यात असे. वृद्धांसाठी शासनाने ज्या परिषदा, मंडळे आणि समित्या नेमल्या आहेत, त्यांनी ज्यांच्या कारभारावर नजर ठेवायची त्यांच्याच हाती त्यांचा कारभार आहे. योजना थोड्या आहेत, पैसा अपुरा आहे, हे खरेच. दर दिवाळी अंकात कोणी ना कोणी ते लिहितो, आणि लिहावेही. पण त्याच्याही आधीचा प्रश्न असा आहे की, ह्या गोष्टी ठरवायच्या कोणी, आणि ठरवणाऱ्याला जाब विचारायचा कोणी? तो प्रश्न कोणी विचारताना दिसत नाही. विचारला तर म्हातारे किरकिर करतात असे म्हणायला लोक मोकळे असतात.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा कायदा संसदेने २००७ साली केला. महाराष्ट्राने त्याखालचे नियम २०१० साली केले आणि २०१३ साली ज्येष्ठ नागरिकांचे धोरणही जाहीर केले. ह्या कायद्याची एक बाजू मला मनापासून आवडते. ज्या म्हाताऱ्याला मुले विचारीत नाहीत, त्याला प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात साध्या अर्जावर जाता येते. तिथे वकिलाची गरज नाही. कायद्याने वकिलाला तिथे वावच ठेवलेला नाही. न्यायाधिकरण मुलांना दरमहा १०,००० रुपयांपर्यंत पोटगी द्यायला लावू शकते. सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावावर करून दिले आणि मुलाने नंतर बापाला बाहेर काढले, तर कलम २३ प्रमाणे ते हस्तांतरण रद्द होऊ शकते. ह्या कलमाच्या बळावर स्वतःच्या घरात परत गेलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, कारण समोर उभा असलेला प्रतिवादी पोटचा मुलगा होता. पण त्यांच्या पाठीवर छप्पर होते. तेव्हा ह्या कायद्याने काहीच झाले नाही असे मी म्हणणार नाही.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. न्यायाधिकरण काम करते, कारण तिथे हुकूम देण्याचा अधिकार आहे आणि हुकूम न पाळणाऱ्याला शिक्षा आहे. मुलाच्या बाबतीत कायदा असा कडक आहे. पण हाच कायदा सरकारकडे वळला की त्याचा सूर एकदम मवाळ होतो. कलम १९ पाहा. निराधार वृद्धांसाठी प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० माणसांचा वृद्धाश्रम शासनाला टप्प्याटप्प्याने 'स्थापन करता येईल'. करता येईल! मुलाने 'केलेच पाहिजे' आणि सरकारला 'करता येईल'. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अश्वनी कुमार ह्यांच्या याचिकेवर निकाल देताना, कोणत्या जिल्ह्यात किती वृद्धाश्रम आहेत ह्याची माहिती राज्यांकडून गोळा करा, असे केंद्र सरकारला सांगावे लागले. कायदा होऊन अकरा वर्षे झाली होती, आणि अजून मोजदादच चालली होती! समजा, महाराष्ट्राच्या ३६ही जिल्ह्यांत कायद्यातल्या किमान मापाचा एकेक आश्रम झाला, तरी जागा होतात ५,४००. आणि २०११ च्या जनगणनेत ह्या राज्यात साठीपुढची माणसे होती १ कोटी ११ लाखांच्या घरात.

आता परिषदेकडे येऊ. ती कायद्याच्या कलमांत नाही. ती नियमांत आहे. केंद्राने राज्यांना जे नमुना नियम घालून दिले, त्यांत राज्य ज्येष्ठ नागरिक परिषद अशी सांगितली आहे: ज्येष्ठांचे खाते सांभाळणारे मंत्री तिचे पदसिद्ध अध्यक्ष. आरोग्य, गृह, प्रसिद्धी, निवृत्तिवेतन वगैरे खात्यांचे सचिव पदसिद्ध सदस्य. ज्येष्ठांच्या कल्याणाचे संचालक पदसिद्ध सदस्य-सचिव. राहिले तज्ज्ञ, कार्यकर्ते आणि 'नामवंत ज्येष्ठ नागरिक'. ते किती असावेत हे शासन ठरवणार, कोण असावेत हेही शासनच ठरवणार, आणि त्यांची मुदत व कामाची रीतही शासनच आदेश काढून सांगणार. परिषदेने सहा महिन्यांतून एकदा तरी भरावे. तिचे काम काय? शासनाला सल्ला देणे.

ह्या रचनेत काय घडते ते पाहण्यासारखे आहे. मंत्रिमहोदय अध्यक्ष ह्या नात्याने सल्ला देतात आणि मंत्री ह्या नात्याने तो ऐकून घेतात. संचालक सदस्य-सचिव म्हणून पत्र लिहितात आणि संचालक म्हणून तेच पत्र आपल्या आवक-बारनिशीत नोंदवून घेतात. आरोग्य सचिवांनी रुग्णालयांत वृद्धांसाठी वेगळी रांग ठेवली की नाही हे विचारायचे आरोग्य सचिवांना, आणि विचारणाऱ्या मंडळात बसलेले असतात आरोग्य सचिवच. एखाद्या शाळेत परीक्षक, परीक्षार्थी आणि पर्यवेक्षक एकच असला, तर निकाल उत्तम लागणार ह्यात नवल ते काय? हा कोण्या एका मंत्र्याचा किंवा अधिकाऱ्याचा दोष नाही. उद्या त्या खुर्चीवर साक्षात एखादा संत आणून बसवला तरी त्याला हेच करावे लागेल, कारण खुर्चीच तशी घडवली आहे.

जिल्ह्याची समिती ही ह्याच परिषदेची धाकटी बहीण. तिने तीन महिन्यांतून एकदा भरायचे असते. माझ्या नेमणुकीला बत्तीस महिने झाले. हिशेबाने दहा सभा व्हायला हव्या होत्या, झाल्या चार. सभा कोणी बोलवायची? सचिवांनी. आम्ही पाचही जणांनी सह्या करून सभा मागितली तर ती भरलीच पाहिजे, असा काही नियम आहे का? मी शोधून पाहिले. तसे काही आढळले नाही. विषयपत्रिका कोणी करायची? सचिवांनी. आम्ही विषय सुचवला तर तो 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळच्या विषयां'त जातो, आणि तोवर साहेब उठलेले असतात. समितीला स्वतःचा कारकून नाही, टपालाला पैसा नाही, आश्रमात किंवा रुग्णालयात न कळवता जाऊन पाहण्याचा अधिकार नाही. आमच्या सूचनेला 'हो' किंवा 'नाही' असे लेखी उत्तर देण्याचे बंधन कोणावर नाही.

आणि मी तरी तिथे कसा गेलो? तेही सांगून टाकतो. मला कोणी निवडून दिले नव्हते. मी अर्जही केला नव्हता. आमच्या संघाच्या अध्यक्षांचे एका पुढाऱ्याकडे जाणे-येणे होते. त्यांनी दोन नावे दिली, त्यांत माझे होते. नेमणुकीचे पत्र आले तेव्हा मी ते घरातल्या सगळ्यांना दाखवले. सुनेने पेढे आणले. ह्या वयात आपली कोणाला तरी गरज आहे ही भावना फार गोड असते, आणि सरकारला ती पक्की ठाऊक आहे.

ह्या सगळ्याने कोणाचे काय बिघडते, असे कोणी विचारील. म्हणून एक हकीगत सांगतो.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक विधवा म्हातारी राहते. वय चौऱ्याहत्तर. आयुष्यभर लोकांची धुणीभांडी केली. तिला श्रावणबाळ योजनेचे पैसे मिळत. एका वर्षी ते एकाएकी थांबले. ती बँकेत गेली, तर तिथल्या यंत्रावर तिचा अंगठा उमटेना. साठ वर्षे राखेने भांडी घासलेल्या बोटांवर रेषा कुठल्या राहणार? तिला सांगण्यात आले, हयातीचा दाखला आणा. ती तहसील कचेरीत गेली. खिडकीपलीकडच्या मुलाने विचारले, "आजी, हयातीचा दाखला कोणाचा?" म्हातारी म्हणाली, "माझाच की रे बाबा." मुलगा बिचारा हसला. पण कागद लागणार होताच. कागद झाला, तेव्हा कळले की तिचे नाव फेरतपासणीत अडकले आहे आणि ते तालुक्याच्या निराधार समितीपुढे ठेवावे लागेल. समिती होती कुठे? सरकार बदलले होते, जुनी समिती गेली होती, आणि नवीन समितीवर कोणाचा माणूस बसवायचा ह्याचा निकाल लागला नव्हता.

हा विषय मी आमच्या जिल्हा समितीत काढला. मला वाटले, हे तर आपलेच काम. उत्तर मिळाले, "सदर विषय ह्या समितीच्या कार्यकक्षेत येत नाही." नियमाने ते बरोबरच होते. निराधारांचे पैसे एका समितीकडे, आश्रम दुसऱ्या खात्याकडे, औषधपाणी तिसऱ्या, एस.टी.ची सवलत चौथ्या. म्हातारी मात्र एकच! गरीब म्हाताऱ्याच्या हातात सरकारकडून जे रोख पैसे पडतात, नेमक्या त्याच गोष्टीविषयी ज्येष्ठ नागरिकांच्या समितीने तोंड उघडायचे नाही. सातव्या महिन्यात तिचे पैसे पुन्हा सुरू झाले. मधल्या सहा महिन्यांचे कधीच आले नाहीत. त्या सहा महिन्यांत तिने काय खाल्ले हे मी तिला विचारले नाही. विचारण्याचा धीर झाला नाही. शेजारणी भाकरी देत होत्या, एवढे मला माहीत आहे.

ह्या पैशांचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. केंद्राने वृद्धापकाळचे निवृत्तिवेतन १९९५ साली सुरू केले, तेव्हा ते महिन्याला ७५ रुपये होते. पुढे ते २०० झाले, आणि ऐंशीच्या आतल्या माणसासाठी केंद्राचा वाटा त्यानंतर दीड दशकाहून अधिक काळ तिथून हलला नाही. राज्याने आपली भर घातली आणि २०२३ साली महाराष्ट्रातली रक्कम १,५०० झाली. त्याबद्दल राज्याचे आभार मानलेच पाहिजेत. पण श्रावणबाळ योजनेला पात्र व्हायचे तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे, अशी अट वर्षानुवर्षे राहिली. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये, अख्ख्या घराला! एवढ्यात राहणारे घर ह्या काळात कुठे सापडायचे? ते सापडत नाही, दाखला सापडतो. म्हणजे सरळ माणसाला खोटा कागद करायला लावायचे आणि मग फेरतपासणीत त्यालाच खोटारडा ठरवायचे. ही मर्यादा ज्यांनी घातली त्यांनी एखाद्या म्हातारीला समोर बसवून तिच्या घरखर्चाचा हिशेब मांडला असता, तर हा आकडा दुसऱ्याच दिवशी बदलला असता. विचारायचे कोणाला सुचले नाही, कारण विचारण्याची सक्तीच कुठे नव्हती.

ह्यावर जी उत्तरे दिली जातात ती मला पाठ आहेत. पहिले उत्तर आपल्या संस्कृतीचे. आपल्याकडे वृद्धांचा सांभाळ कुटुंब करते. मंडळे, आयोग, प्रतिनिधी हे पाश्चात्त्यांचे खूळ. आपला आदर्श श्रावणबाळ. ठीक आहे, श्रावणबाळच घेऊ. सरकारने योजनेला त्याचे नाव दिले आहे आणि स्वतःला श्रावणाच्या जागी कल्पिले आहे. पण गोष्ट नीट आठवावी. श्रावणाने आंधळ्या आईबापांना कावडीत बसवले खरे, पण काशीयात्रेला जायचे हे आईबापांनी सांगितले होते. कावड मुलाच्या खांद्यावर होती, वाट आईबापांच्या इच्छेची होती. आमच्या कावडीत बसणाऱ्याला कुठे चाललो आहोत हे कोणी सांगत नाही. आणि त्याच गोष्टीत एक राजाही आहे. त्याने कोणाचे वाईट चिंतले नव्हते. त्याने फक्त न पाहता, आवाजावरून बाण सोडला. शासनाची पुष्कळशी परिपत्रके मला त्या बाणासारखी वाटतात.

दुसरे उत्तर घटनेचे. शासन विधिमंडळाला जबाबदार आहे. एखाद्या मंडळाच्या हुकुमाने ते चालणार नाही, म्हणून मंडळ सल्लागारच असावे. ह्यात तथ्य आहे. पण सल्लागार असणे वेगळे आणि अंकित असणे वेगळे. सल्ला देणारा स्वतंत्र असला, त्याचा सल्ला छापून सर्वांपुढे आला, आणि न मानल्यास का मानला नाही हे सांगावे लागले, तर त्या सल्ल्यालाही वजन येते. आमचा सल्ला इतिवृत्तात पुरला जातो.

तिसरे उत्तर कोणी उघड बोलत नाही, पण मनात असते. म्हाताऱ्यांना काय समजते? ते थकलेले, विसराळू, हट्टी. त्यांच्या हाती कारभार दिला तर नुसती भाषणे होतील. ह्यातला भाषणांचा भाग मी मान्य करतो. पण राज्यकारभारात वयाची सत्तरी ही कधी अपात्रता मानली गेल्याचे मला ठाऊक नाही. तिकिटे वाटताना जे वय अनुभवाचे ठरते, तेच निराधार समितीत अडचणीचे कसे ठरते?

बरे, दुसरीकडे हे कसे करतात? फार लांब जायला नको. ह्याच महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा केला. पाठीवर पोती वाहणारा, लिहिता-वाचता न येणारा हमाल. पण त्याच्या मंडळावर मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने असतात, आणि सरकारचे एकतृतीयांशाहून अधिक असू शकत नाहीत. मंडळाकडे पैसा येतो, कारण मालकाला तो भरावाच लागतो. त्या मंडळांतही पुढे दोष शिरले असतील. पण ज्याचे ओझे त्याची खुर्ची, हे तत्त्व तिथे कायद्यात आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा घ्या. तिथल्या राज्य सल्लागार मंडळाचे अध्यक्षही मंत्रीच, हे खरे. पण संस्थांच्या प्रतिनिधींत शक्य तोवर दिव्यांग व्यक्तीच असाव्यात हे कायद्यातच म्हटले आहे. शिवाय तक्रारींची चौकशी करायला स्वतंत्र राज्य आयुक्त आहे, आणि साक्षीदार बोलावणे, कागद मागवणे अशा बाबतींत त्याला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. केरळने २०२५ साली कायदा करून वृद्धजनांचा आयोग स्थापन केला. त्याचे अध्यक्ष आणि सदस्य स्वतः ज्येष्ठ नागरिकच असले पाहिजेत, त्यांत एक स्त्री आणि एक अनुसूचित जाती-जमातीतला सदस्य असला पाहिजे, असे त्या कायद्याने घातले आहे. नेमणूक तिथेही सरकारच करते, आणि आयोगाने शिफारशी करायच्या आहेत; तो दोष उरतोच. अमेरिकेत १९६५ च्या वृद्धांच्या कायद्याखाली स्थानिक यंत्रणांना सल्लागार मंडळे आहेत. त्यांत निम्म्याहून अधिक सदस्य साठीपुढचे असावेत असा तिथला नियम आहे. तेही सल्लागारच! पण सल्ला निदान म्हाताऱ्यांचा असतो.

आता थोडे आमच्याविषयी. सगळे खापर सरकारच्या माथी फोडून मोकळे होण्याची सवय आम्हा पेन्शनरांना फार. महाराष्ट्रात ज्येष्ठ नागरिक संघांचे जाळे आहे, 'फेस्कॉम'सारखा त्यांचा महासंघ आहे, आणि गावोगावी ह्या संघांनी सकाळच्या बागेतल्या कट्ट्यांना थोडेफार सार्वजनिक रूप दिले आहे. पण माझ्या स्वतःच्या संघाकडे पाहिले म्हणजे काय दिसते? सभासद बहुतेक माझ्यासारखे: शहरातले, पुरुष, पेन्शन असलेले, शिकलेले. आमचे विषय ठरलेले. रेल्वेची सवलत २०२० साली बंद झाली ती परत मिळावी, बँकेत व्याज अधिक मिळावे, बागेत बाके असावीत. ह्या मागण्या चूक नाहीत. पण धुणीभांडी करणारी ती म्हातारी आमच्या संघाची सभासद नाही. तिला वर्गणी परवडत नाही असे आम्ही म्हणतो. खरे म्हणजे तिला कोणी बोलावलेच नाही. शासन आम्हांला विचारीत नाही म्हणून मी हे पानभर लिहितो आहे, आणि आम्ही तिला कधी विचारले नाही. उद्या मंडळावर आमच्यापैकी दहा जण बसले आणि ती बाहेरच राहिली, तर खुर्च्यांवरची माणसे तेवढी बदलतील. आणखी एक गोष्ट सांगतो. १ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिनाला मंत्री आले, त्यांनी आम्हांला शाल आणि नारळ दिला, आणि आमच्यापैकी एकानेही त्यांना सभांचे विचारले नाही. मीही नाही. शाल चांगली होती.

तेव्हा काय हवे ते मोजकेच सांगतो. कारकुनाच्या सवयीने मुद्दे घालून सांगितले तर क्षमा असावी.

एक: मंडळाचा अध्यक्ष मंत्री नसावा. मंत्र्याने तिथे उत्तर द्यायला यावे, अध्यक्षस्थानी बसायला नव्हे.

दोन: निम्म्याहून अधिक सदस्य साठीपुढचे असावेत, त्यांतले निदान निम्मे निवृत्तिवेतनावर किंवा आश्रमात जगणारे, आणि त्यांत स्त्रिया पुरेशा असाव्यात. त्यांची नावे संघांकडून, ग्रामसभांकडून आणि आश्रमांतल्या रहिवाशांकडून यावीत. पुढाऱ्याच्या चिठ्ठीवर नकोत. माझ्यासारख्यांची नेमणूक ह्या नियमाने झाली नसती, हे मला ठाऊक आहे.

तीन: सभेच्या तारखा वर्षाच्या आरंभीच जाहीर व्हाव्यात, आणि ठराविक सदस्यांनी मागितली तर सभा भरलीच पाहिजे.

चार: मंडळाने केलेल्या प्रत्येक सूचनेला साठ दिवसांत लेखी उत्तर मिळावे, 'नाही' असले तरी चालेल, पण कारणासह. इतिवृत्त आणि उत्तरे तहसील कचेरीच्या फलकावर लागावीत आणि वर्षाचा अहवाल विधिमंडळापुढे जावा.

पाच: सदस्यांना कोणत्याही आश्रमात, रुग्णालयात आणि निवृत्तिवेतनाच्या कचेरीत न कळवता जाऊन पाहता यावे. निवृत्तिवेतन हे मंडळाच्या कार्यकक्षेत असावे, कारण ते नसेल तर बाकीची कार्यकक्षा कोणाच्या कामाची?

सहा: गणपूर्ती अशासकीय सदस्यांवरून मोजावी. एकही म्हातारा हजर नसताना म्हाताऱ्यांची सभा पूर्ण झाली असे लिहिण्याची सोय बंद व्हावी.

ह्यांतल्या कोणत्या मागणीला मोठा पैसा लागतो? सहावीला तर पैही लागत नाही. एका ओळीची दुरुस्ती पुरे. आणि नेमकी तीच सर्वांत अवघड जाईल असे माझे एकतीस वर्षांचे ज्ञान मला सांगते.

त्या इतिवृत्ताविरुद्ध मी पत्र दिले होते. 'दोन्ही सदस्य इमारतीत हजर होते, त्यांना जिना चढता आला नाही, तरी नोंद दुरुस्त व्हावी,' एवढेच लिहिले होते. पुढच्या सभेत पहिला विषय होता मागील इतिवृत्त कायम करणे. ते कायम झाले. माझ्या पत्राची नोंद घेण्यात आली.

माझ्या मुदतीचे चार महिने उरले आहेत. एखादी सभा बहुधा होईल, आणि ती तिसऱ्या मजल्यावरच होईल. उरलेल्या चौघांशी मी बोललो आहे. ८१ वर्षांचे ते गृहस्थ आता ८३ चे झाले आहेत, ते म्हणाले, "अहो, मी तर पहिल्यापासून खालीच आहे, तुम्ही या." त्या दिवशी आम्ही पाचही जण पोर्चमधल्या बाकावर बसणार आहोत. हजेरीचा कागद खाली पाठवा असा निरोप वर धाडू, आणि गल्लीतल्या त्या म्हातारीलाही बरोबर नेऊ. ती यायला तयार आहे. फक्त रिक्षाचे पैसे कोण देणार, एवढे तिने विचारून घेतले आहे. वर गणपूर्ती झाली की नाही ते पंधरा दिवसांनी इतिवृत्तात कळेलच.